बंद प्लॅनचं पाणी

पांढुर्णा जिल्हा झाला आणि तिथे काचेच्या दारांची दुकानं वाढली. आधी शेतीचं सामान लोखंडी शटरमागे मिळायचं. दुकानदार बनियनवर बसलेला असायचा, पाइप हातात घेऊन नखाने खरवडायचा आणि हा दोन उन्हाळे टिकेल की चार ते सांगायचा. बहुतेक वेळा खोटंच सांगायचा, पण पाइप तरी डोळ्यांसमोर असायचा. आता काचेचं दार ढकललं की थंड हवा अंगावर येते, कोणीतरी हसून पाणी विचारतं आणि विकायची वस्तू कुठेच दिसत नाही. अशा दुकानातून माणसाने पाणी पिऊन सरळ परत यावं. मी पस्तीस वर्षं सौंसरच्या शाळेत विज्ञान शिकवलं, आणि एवढी अक्कल मला नव्हती.

त्या दुकानाने पोळ्यानंतर एका हॉलात शेतकऱ्यांना बोलावलं होतं. गोटमार, म्हणजे पांढुर्णा आणि सावरगावची पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीची दगडफेक, होऊन चारच दिवस झाले होते, त्यामुळे पहिल्या दोन रांगांत तीन डोक्यांना पट्ट्या होत्या. त्या डोक्यांकडे पाहून मी मनात हसलो. सावरगावकडून आलेला दगड येताना दिसतो तरी, हे मला तेव्हा सुचलं नाही. तर्री-पोहे झाले, चहा झाला आणि कंपनीचा माणूस उठला. चाळिशीचा असेल, अंगात बिनबाह्यांचं जाकीट, अर्धं हिंदी अर्धं मराठी बोलत होता. आम्ही मशीन विकत नाही, सेवा देतो, असं त्याने पहिल्याच वाक्यात सांगितलं. सेवा हा शब्द आमच्याकडे देवळात, दवाखान्यात आणि निवडणुकीत ऐकू येतो, आणि तिन्ही ठिकाणी तो खिशावर हात ठेवूनच ऐकायचा असतो. माझा हात त्या वेळी पोह्याच्या प्लेटवर होता.

त्याची सेवा अशी होती. मोटारीच्या खोलीत भिंतीवर एक डबा बसवायचा. झाडांच्या मुळांजवळ दोन काड्या खुपसायच्या, त्या मातीतली ओल मोजणार. मोबाइलवर सगळं दिसणार, बोट लावलं की मोटार चालू, बोट लावलं की बंद. डब्याचे पैसे एकदाच द्यायचे. डब्यातल्या अकलेचे मात्र महिन्याच्या महिन्याला. तिचे तीन प्लॅन होते, बेसिक, प्लस आणि प्रो, म्हणजे थोडी अक्कल, बरी अक्कल आणि पुरेशी अक्कल. पहिले तीन महिने फुकट.

पट्टीवाल्यांपैकी एक म्हातारा उभा राहिला. त्याने सरळ विचारलं, "डबा माहा, भिंत माही, मोटार माही. मंग दर महिन्याचे पैसे कायचे?"

कंपनीचा माणूस हसला. डबा तुमचाच आहे काका, पण त्याच्यातलं डोकं आमचं आहे आणि ते आम्ही रोज सुधारत असतो, असं तो म्हणाला. लोक हसले. मीही हसलो, वर मान डोलावली, जसा काही मी त्याच्या बाजूचा होतो. म्हातारा खाली बसला. त्या हॉलात शहाणा प्रश्न एकच विचारला गेला आणि तो फुटलेल्या डोक्यातून आला होता. आम्ही धड डोक्यांची माणसं फॉर्म भरायला रांगेत उभे राहिलो.

हा सगळा धंदा मला आता पक्का कळला आहे. पूर्वीचा व्यापारी वस्तू विकून निघून जायचा. फसवलं तरी एकदाच फसवायचा, आणि पुढच्या बाजारी दिसला तर तोंड चुकवायचा. हा नवा व्यापारी वस्तू विकून तुमच्याच ओसरीवर बसून राहतो. दर महिन्याला तो कुशल विचारतो आणि त्या विचारण्याचे पैसे घेतो. नाही दिले तर तो उठून जाईल असं आपल्याला वाटतं. तो जात नाही, हे मला फार उशिरा कळलं.

डबा मी घेतला तो वहिनींसाठी. स्वतःसाठी घेतला असता तर दोन शिव्या देऊन विसरलो असतो. माझे मोठे भाऊ गेले त्याच वर्षी वहिनींनी रामाकोन्याच्या वाटेवरच्या शेतात, जिथे आयुष्यभर कापूस पिकला, तिथे संत्र्याची साडेतीनशे कलमं लावली. बाईच्या हाताने बगीचा होत नसतो असं आमच्या चुलत भावांनी तेराव्याच्या पंगतीत बसून सांगितलं होतं. वहिनी तेव्हा वाढत होत्या. त्यांनी ऐकलं आणि पानात भाजी वाढून पुढे गेल्या. चौथ्या वर्षी झाडांना चार फुलं आली ती त्यांनी हाताने खुडून टाकली, पाचव्या वर्षीही खुडली. कोवळ्या झाडाने ओझं घेऊ नये, आधी अंग भरू द्यावं, असं त्यांचं म्हणणं होतं. हे सहावं वर्ष होतं. या हिवाळ्यात त्या पहिला बहार धरणार होत्या. घरात कोणी मोठ्याने बोलत नव्हतं, पण वहिनींचं पाच वर्षांचं जगणं त्या एका बहारावर टेकलेलं आहे हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. चुलत भावांनाही ठाऊक होतं, आणि ते वाट पाहत होते.

आंबिया बहार धरायचा म्हणजे झाडाला ताण द्यावा लागतो. डिसेंबर लागला की पाणी तोडायचं, महिना-सव्वा महिना थेंब द्यायचा नाही. झाड तहानतं, पानं मलूल होतात, पिवळी पडून गळायला लागतात. बाहेरच्याला वाटतं बगीचा मेला. मग संक्रांतीच्या सुमारास पाणी सोडलं की तेच झाड फुलांनी लदबदून जातं. मध्येच कोणी दया येऊन पाणी दिलं तर झाड फुलं विसरतं आणि नुसती पालवी फेकतं. वर्ष गेलं. झाडाची तहान राखणं हीच इथली खरी शेती, आणि ती वहिनींना त्यांच्या वडिलांच्या बगीच्यातून आलेली होती.

डबा बसवायला माणसं आली तेव्हाच वहिनींचं आणि त्यांचं जमलं नाही. ताणाच्या दिवसांत वहिनी ठिबकच्या नळ्या गुंडाळून झाडांच्या बेचक्यात ठेवणार होत्या, त्यांच्या माहेरी तसंच करत. त्यांना सांगण्यात आलं की नळ्या हलवल्या तर काड्यांच्या वायरी तुटतील आणि गॅरंटी जाईल. मग वहिनी म्हणाल्या की मोटारीचे तिन्ही फ्यूज काढून घरी नेईन. ही पण माहेरची रीत. ताण सुरू झाला की फ्यूज काढून पिठाच्या डब्यात ठेवायचे आणि संक्रांतीला बाहेर काढायचे.

मी त्यांना हसलो. इथे कोण येणार मोटार चालू करायला, असं विचारलं.

त्या म्हणाल्या, "दुसरं कोनी कायले पाह्यजे? माहाच हात जाईन. सुकलेलं झाड पाहवत नाई ना भाऊजी."

कंपनीच्या माणसांनी सांगितलं की फ्यूज काढता येणार नाहीत, डब्याला करंट लागतो. वहिनी माझ्याकडे पाहायला लागल्या. आपल्या घरातला शिकलेला माणूस काय म्हणतो ते त्यांना ऐकायचं होतं. शिकलेला माणूस म्हणाला की फ्यूज राहू द्या, बंद करायला आता मोबाइल आहे. वहिनींचा अनुभव मोडीत काढून भाड्याचं डोकं भिंतीला टांगायला मीच लावलं. कंपनीने नुसता खिळा ठोकला.

तीन महिने डबा चांगला चालला, हे कबूल करतो. वीज कधीही येवो, मोटार आपोआप लागायची. मी सौंसरच्या चौकात पान खाताना मोबाइल काढून चारचौघांना मातीची ओल दाखवायचो. लोक म्हणायचे, वा गुरुजी. मला ते आवडायचं.

डिसेंबरच्या सुरुवातीला वहिनींनी पाणी तोडलं. माझ्या मोबाइलवर मोटार बंद केली आणि माझ्याकडून दोनदा खात्री करून घेतली. त्याच सुमारास त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं. मुलगी नागपूरला, तिच्याकडे महिनाभर राहायचं, धूळ टाळायची असा डॉक्टरचा हुकूम होता. वहिनींनी तारीख पुढे ढकलून पाहिली, मुलीने ऐकलं नाही. तसंही ताणात शेतात काम नसतं, फक्त नजर ठेवायची असते. ती नजर त्यांनी माझ्यावर सोपवली. निघताना बस लागली होती तरी त्या खाली उभ्या राहून सांगत होत्या.

"मोबाइलात काय दिसते ते पाहू नका. झाडाखालची माती बोटभर उकरा. ओल लागली तं मले फोन करा, मी असीन तशी येतो."

मी हो म्हणालो. त्या बसमध्ये चढल्यावर मला जरा राग आला. ज्या माणसाने मुलांना केशाकर्षण शिकवलं त्याला ही बाई माती उकरायला सांगते.

आणि पाचव्या-सहाव्या दिवशी फुकटचे तीन महिने संपले. कंपनीचे मेसेज सुरू झाले. सकाळी एक, दुपारी एक, संध्याकाळी दोन, सगळे इंग्रजीत, सगळ्यांत घाई करा आणि खाली लाल बटण. मी विचार केला, महिनाभर पाणीच द्यायचं नाही तर महिनाभराचे पैसे कशाला भरायचे? संक्रांतीला भरू, तेव्हाच मोटार लागणार आहे.

हा विचार माझ्या एकट्याचा नव्हता, तो आमच्या अख्ख्या मुलखाचा आहे. आमच्याकडे रिचार्ज हा मोसमी प्रकार आहे. टीव्हीची छत्री घरोघरी आहे, पण कापूस वेचणीच्या दिवसांत टीव्ही पाहायला वेळ कोणाला असतो? मग कोणी रिचार्ज मारत नाही. पाहुणे आले, मॅच आली की मारायचा. मधल्या काळात छत्री कौलांवर गपचूप बसून राहते, आपल्या मनाने भजनं लावत नाही. पैसे नाही दिले की वस्तू बंद आणि दिले की चालू, हा सरळ व्यवहार आम्हाला कळतो. तेव्हा मला उलट आनंदच झाला. पैसे न भरल्याने ताणाला दुहेरी कुलूप लागलं असं मी मानलं. संध्याकाळी मोबाइल उघडला तर सगळा पडदा करडा झालेला, मध्ये कुलपाचं चित्र आणि खाली 'सेवा बंद'. मी खुश झालो. मेसेजांचा वैताग येत होता म्हणून तो नंबरही गप्प करून टाकला.

मी शेतात जात नव्हतो असं नाही. एक दिवसाआड स्कूटर काढून जायचो, दुपारची झोप झाली की चारच्या सुमारास. बांधावरून एक फेरी मारायचो. जमीन वरून वाळलेली दिसायची, हिवाळ्याच्या उन्हाने पापुद्रा धरलेला. मोबाइल काढून पाहायचो, कुलूप जागच्या जागी. खाली वाकून बोट मी एकदाही घातलं नाही. गुडघे दुखतात हे कारण मी नंतर शोधलं. तेव्हा कारणाची गरजही वाटली नव्हती.

वहिनींचा फोन यायचा. डोळ्यावर पट्टी असताना मुलीला नंबर लावायला सांगायच्या. पानं गळतात का, एवढाच प्रश्न. मी सांगायचो, अजून नाही, हिरवीच आहेत. आपली जमीन काळी भारी आहे, तिला ताण उशिरा बसतो, हे मीच त्यांना समजावून सांगितलं. दोन आठवडे झाले तेव्हा त्यांचा आवाज बदलला.

"इतके दिवस हिरवे कसे राहून राह्यले? बोटभर उकरून पाह्यलं का तुम्ही?"

मी म्हणालो, "पाह्यलं ना. कोरडी खडक आहे."

त्यांनी बरं म्हटलं. मी फोन ठेवला आणि मला काहीच वाटलं नाही. खोटं बोलल्यासारखंसुद्धा वाटलं नाही. मोबाइलवर सेवा बंद होती म्हणजे माती कोरडी असणारच, मग उकरली काय आणि न उकरली काय. विज्ञान शिकवणाऱ्याने न पाहता उत्तर लिहिलं होतं. वर्गात एखाद्याने असं केलं असतं तर मी त्याला बाकावर उभं केलं असतं.

संक्रांतीला दोन दिवस होते तेव्हा वहिनी आल्या. मुलगी नको म्हणत होती, पण पाणी सोडायला मीच असली पाहिजे, असं त्यांचं ठरलेलं होतं. काळा चष्मा लावलेला, पदर नाकावरून घेतलेला. मी त्यांना स्कूटरवर बसवून शेतात नेलं. बांधावर उतरल्या आणि पाच पावलांवर थांबल्या. साडेतीनशे झाडं हिरवीगार उभी होती. इतकी सुंदर दिसत होती की मी काहीतरी कौतुकाचं बोलणार होतो.

वहिनी पहिल्या झाडाखाली गेल्या, वाळलेला पापुद्रा पायाच्या अंगठ्याने दूर केला आणि खाली बसल्या. बोट आत घातलं. मग पुढच्या झाडाखाली गेल्या, तिथेही. तिसऱ्या झाडाखाली त्यांनी मूठभर माती काढून दाबली आणि हात माझ्यापुढे धरला. मातीचा लाडू झाला होता, त्यावर त्यांची बोटं उठलेली दिसत होती.

"हे तं रोज पानी पिऊन राह्यले," त्या म्हणाल्या.

त्यांनी आवाज चढवला नाही. मला म्हणाल्या, फोन लावा. मी तिथेच उभा राहून कंपनीला फोन लावला. आधी बाईचा आवाज, मग गाणं, मग एक दाबा, दोन दाबा, मग पुन्हा गाणं. शेवटी एक जिवंत माणूस आला. मी विचारलं की तुमची सेवा बंद आहे, मी पैसे भरलेले नाहीत, मग मोटार कोण चालवतंय? त्याने माझा नंबर तपासला आणि मोठ्या प्रेमाने बोलला.

"सर, तो सेफ मोड आहे. पैसे भरले नाहीत म्हणून आम्ही कोणाची झाडं मरू देत नाही. लाइट आली की रोज वीस मिनिटं पाणी आपोआप जातं. ते आमच्याकडून फ्री आहे."

मला हसू आलं, खरंच आलं. सबंध जन्मात मला फुकट मिळालेली ही एकमेव वस्तू, आणि तिने वाटोळं केलं. पहाटे वीज यायची, मोटार पाण्यात बुडालेली, तिचा आवाज बाहेर येत नाही, आणि वीस मिनिटं साडेतीनशे झाडांच्या मुळाशी थेंब थेंब दया टपकायची. दुपारी चारपर्यंत वरची माती वाळून जायची. संत्र्याच्या मुलखात दुकान थाटणाऱ्या त्या शहाण्यांना झाडाची तहान माहीत नव्हती. त्यांच्या हिशेबी तहान म्हणजे बिघाड. कुठल्यातरी थंड खोलीत बसून त्यांनी जगातल्या सगळ्या झाडांना एकच नियम लावला होता आणि त्या नियमाला काळजी असं नाव दिलं होतं. ही सगळी माहिती मेसेजने पाठवली होती, असंही त्याने सांगितलं. पाठवलीच होती. चौदा लाल बटणांच्या मध्ये एक ओळ होती, मी नंतर शोधून पाहिली.

मी ओरडून म्हणालो की ते पाणी आत्ताच्या आत्ता बंद करा. तो म्हणाला की करता येईल सर, पण सेफ मोड बंद करायचा तर आधी प्लॅन चालू करावा लागेल.

म्हणजे पाणी न देण्याचेही पैसे होते. विकतचं श्राद्ध घेऊन सव्यापसव्य करणं म्हणतात ते हेच. मी अजून फोनवर भांडत होतो तेवढ्यात मागे खट्‌ खट्‌ खट्‌ असा आवाज झाला. वहिनी मोटारीच्या खोलीत जाऊन तिन्ही फ्यूज उपटून बाहेर आल्या होत्या. डब्यावरचा हिरवा दिवा विझला. महिनाभराच्या पाण्यावर उपाय एवढाच होता आणि तो त्यांना सप्टेंबरात माहीत होता.

त्यांनी तिथून पुढे तीन आठवडे ताण देऊन पाहिला. उपयोग नव्हता, ऊन चढायला लागलं होतं आणि झाडांनी आधीच पालवी फेकली होती. फेब्रुवारीत अख्खा बगीचा कोवळ्या पोपटी पानांनी भरून गेला. वाटेने जाणारे म्हणायचे, काय बगीचा आहे. चुलत भाऊ एकदा मुद्दाम येऊन गेले, हिरवळ पाहून वहिनींची स्तुती केली आणि फुलं कधी येतात ते विचारून गेले. मी त्या वेळी शेताच्या दुसऱ्या टोकाला जाऊन उभा राहिलो.

फुलं आली, पण सात झाडांना. सगळ्यात शेवटच्या ओळीत ठिबकची भोकं क्षाराने बुजलेली होती, तिथे महिनाभर पाणी पोचलंच नाही. कंपनीची सेवा जिथे नादुरुस्त होती तेवढीच झाडं फुलली, आणि अशी फुलली की पान दिसत नव्हतं. वहिनी तिथे संध्याकाळी जाऊन बसायच्या. मी एकदा मागून गेलो तर त्या फांदी नाकाजवळ ओढून धरून बसल्या होत्या आणि डोळ्यातून पाणी वाहत होतं. ऑपरेशनच्या डोळ्याला रडणं चालतं का, हे मला विचारायचं होतं. मी न विचारता परत फिरलो. लोकांनी त्यांना मृगाचा, म्हणजे पावसाच्या तोंडावर फुलणारा, बहार धरायचा सल्ला दिला. कोवळ्या झाडाला एका वर्षात दोनदा तहानेवर ठेवणार नाही, असं सांगून त्यांनी तो विषय संपवला.

मी मात्र गप्प बसणार नव्हतो. मला राग आला होता, आणि खरं सांगायचं तर त्या रागाची मला गरज होती. मी रोज तक्रार करायचो. प्रत्येक तक्रारीला नंबर मिळायचा आणि दुसऱ्या दिवशी मेसेज यायचा की आपली तक्रार सोडवण्यात आली आहे, आमच्या सेवेला किती तारे द्याल? अशा नऊ तक्रारी सुटल्या. शेवटी मी ठरवलं की पांढुर्ण्याला जाऊन त्या काचेच्या दुकानात चारचौघांसमोर या लोकांची शोभा करायची. काय बोलायचं ते मी दोन दिवस घोकलं. वहिनींना चला म्हटलं. त्या आधी नको म्हणत होत्या, मग कशाला कोण जाणे, तयार झाल्या.

दुकानात पाच-सात शेतकरी बसलेले होते, नवीन फॉर्म भरत होते. जाकिटवाला तोच होता. त्याने आम्हाला खुर्च्या दिल्या, पाणी दिलं आणि मला पूर्ण बोलू दिलं. मी चांगलं बोललो. तहान काय असते, ताण काय असतो, बंद म्हणजे काय असतं, सगळं सांगितलं. फॉर्म भरणाऱ्यांचे हात थांबले. एक जण फॉर्मची घडी करून खिशात घालायला लागला. दहा-बारा मिनिटं मी त्या दुकानाची सालटी काढली आणि मला फार बरं वाटलं.

जाकिटवाल्याने मान खाली घालून ऐकून घेतलं. नुकसानीचं वाईट वाटतं म्हणाला, पुढचे सहा महिने प्लस प्लॅन फुकट देतो म्हणाला. मग त्याने मान वर केली आणि अगदी साध्या आवाजात विचारलं, "पण सर, महिनाभर रोज पाणी जात होतं. एवढ्या दिवसांत एकदाही कोणी माती उकरून पाहिली नाही का?"

दुकानातले सगळे माझ्याकडे पाहायला लागले. मी समोरचा पाण्याचा ग्लास उचलला.

वहिनींनी काळा चष्मा काढला, पदराने पुसला आणि जाकिटवाल्याकडे पाहून म्हणाल्या, "पाह्यली ना. आमच्या भाऊजींनी रोज पाह्यली, बोटानं उकरून. कोरडी होती."

रोज पाणी पिणारी माती कोरडी नसते. मातीचा तो लाडू वहिनींनीच दाबून माझ्यापुढे धरला होता. त्या माझ्याकडे वळल्या नाहीत. जाकिटवाला मात्र माझ्याकडे पाहत राहिला, आणि मी त्याच्यासमोर, सगळ्या लोकांसमोर, हो म्हणून मान हलवली.